पट्टा, पोट आणि पिस्तुलाचं म्यान

इथे न्यूझीलंडमध्ये गणपतीला मराठी मंडळी जमली आणि कुणी नवीन भेटलं, की तिसरा प्रश्न हमखास येतो. पहिला, मूळचे कुठले. दुसरा, इकडे कधी आलात. तिसरा, काय करता. बाकीचे सगळे कॉम्प्युटरमध्ये असतात नाहीतर पूल बांधत असतात, त्यामुळे त्यांचं उत्तर ऐकून कुणाचा घास हातात राहत नाही. मी सांगते, "पिस्तुलाची चामडी म्यानं विकते. होल्स्टर." मग समोरचा गृहस्थ मोदकाची प्लेट जरा मागे घेतो आणि हळूच विचारतो, "म्हणजे घरी बंदूक आहे?"

घरी बंदूक नाही. आयुष्यात मी एकही गोळी झाडलेली नाही. लवंगीची माळ लावायची वेळ आली तरी मी कानांत बोटं घालून नवऱ्याला पुढे करायची. पण पिस्तूल ज्यात बसतं ते चामडं कसं निवडावं आणि कसं रुळवावं, यावरून साउथ आयलंडच्या निम्म्या नेमबाजांनी माझी बोलणी खाल्लेली आहेत. वीसेक वर्षं मी हेच करते आहे. आता आठवड्यातले मोजके दिवस जाते, पण बोलणी चालूच आहेत.

मी पुण्याची बी.कॉम. माझा नवरा अरविंद कॉम्प्युटरवाला, त्याच्या नोकरीमागे आम्ही क्राइस्टचर्चला आलो आणि रिकार्टनला राहिलो. मला काम मिळालं ते गावाबाहेर एका खोगिराच्या दुकानात, गल्ल्यावर. मालक बॅरी. हा घोड्यांशी मनमोकळं बोलायचा आणि माणसं आली की मागच्या खोलीत जाऊन चामडं कापायचा. दुकानाच्या कोपऱ्यात होल्स्टरचं काउंटर होतं आणि तिथे उभं राहायला कुणी राजी नसायचं, कारण तिथे येणारी गिऱ्हाइकं फार बोलतात. मला चार आत्या आहेत. बोलणाऱ्या माणसांचं मला काही वाटत नाही. मी गल्ला सोडून तिथे जाऊन उभी राहिले ती आजतागायत.

एक खुलासा करायला हवा. सिनेमे बघून आपल्या लोकांना वाटतं की परदेशात माणसं कमरेला पिस्तूल लावून भाजी आणायला जातात. न्यूझीलंडमध्ये तसलं काही नाही. इथला रस्त्यावरचा पोलीससुद्धा एरवी कमरेला पिस्तूल लावत नाही. पिस्तूल हवं तर वेगळा परवाना, क्लबचं सभासदत्व, घरात तिजोरी, आणि झाडायचं ते क्लबच्या मैदानावरच. मग होल्स्टर घेतं कोण? तर शनिवार-रविवारी मैदानावर जाऊन पुठ्ठ्याच्या नि लोखंडाच्या शत्रूंना मारणारी अत्यंत सभ्य माणसं. नळदुरुस्तीवाले, शिक्षक, आज्या. काही क्लबांत तर काउबॉयचे कपडे घालून नेमबाजी करतात. एरवी बँकेत बसणारा माणूस त्या दिवशी मिशा चिकटवून येतो.

होल्स्टर घेताना मी विचारते ते असं: पिस्तूल कुठलं, हात कुठला, पट्टा कुठला आणि पोट कुठवर. पहिल्या तिन्हींची उत्तरं गिऱ्हाईक खरी देतं. चौथ्याला सगळे पुरुष खोटं बोलतात. पँटचा आकडा सांगतात. पँट असते पोटाच्या खाली, पट्टा येतो पोटावरून, आणि या दोन्हींच्या मध्ये जो प्रदेश असतो त्याचा उल्लेख कुणीच करत नाही. सुरुवातीला मी भिडेखातर मान डोलवायची. मग माल परत यायला लागला. तेव्हापासून मी सरळ टेप घेऊन काउंटरच्या बाहेर येते आणि म्हणते, "श्वास सोडा." श्वास सोडला की खरं काय ते बाहेर येतं.

टिमारूचा एक दातांचा डॉक्टर होता. त्याला म्यान मांडीपाशी लोंबणारं हवं होतं, सिनेमातल्या हिरोसारखं. त्याचे हात बिचाऱ्याचे आखूड. मी म्हटलं, "डॉक्टर, तुमचा हात तिथवर पोचत नाही." तो म्हणाला, "सिनेमात पोचतो." "त्याचा पोचत असेल. तुम्हाला तिथे जायला वाकावं लागेल." ऐकेना. घेऊन गेला. पुढच्या आठवड्यात एका कोपराला पट्टी बांधून हजर. सुरुवातीचा इशारा वाजल्यावर तो पिस्तुलाकडे वाकला, वाकतच राहिला आणि शेवटी आडवा झाला. मी म्यान वीतभर वर घेऊन दिलं. आता आम्ही टिमारूवरून जात असलो की तो माझे दात बघतो आणि प्रत्येक वेळी मला सांगतो, "श्वास सोडा."

तर निवड झाली. पुढचं काम रुळवण्याचं, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. नवं चामडं पुठ्ठ्यासारखं ताठ असतं. पिस्तूल आत जातं, पण बाहेर येत नाही. माणूस ओढतो, तर पिस्तुलाबरोबर पट्टा, पट्ट्याबरोबर पँट असं सगळं वर येतं. करायचं इतकंच असतं की रिकामं पिस्तूल पावाच्या पातळ प्लास्टिक पिशवीत गुंडाळायचं, म्यानात दाबायचं, किंचित हलवायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी पिशवी काढायची आणि मग काढ-घाल, काढ-घाल करत बसायचं. चामडं हळूहळू पिस्तुलाचा आकार घेतं. तेल नाही, पाणी नाही, ओव्हन नाही, केस वाळवायचं यंत्र नाही. हे सगळे प्रयोग लोकांनी करून झालेत आणि त्यांचे अवशेष आमच्या दुकानात एका खोक्यात आहेत.

चांगल्या होल्स्टरने पिस्तुलाचा चाप पूर्ण झाकला पाहिजे, पिस्तूल घट्ट धरलं पाहिजे आणि मागितलं की सोडलं पाहिजे. शिवाय पिस्तूल बाहेर काढल्यावर त्याचं तोंड उघडंच राहिलं पाहिजे. तोंड मिटलं, तर परत घालताना चामड्याची घडी चापावर दाबली जाऊ शकते. गंमतीचा धंदा असला तरी ही गोष्ट गंमतीची नाही. त्यामुळे अडकलेलं पिस्तूल घेऊन कुणाचा फोन आला की माझं एकच पालुपद असतं, "ओढू नका. हात काढा. तसंच राहू द्या आणि माणूस बोलवा." पोरिरुआहून एकाचा फोन आला होता, तो म्हणाला, मीच माणूस आहे. मी म्हटलं, दुसरा बोलवा.

ज्यांना काढ-घाल करायला वेळ नसतो त्यांच्यासाठी मी ते काम घरी आणते. दुकानात प्रत्येक पिस्तुलाच्या आकाराचा निळा प्लास्टिकचा नमुना असतो. त्याने काही उडत नाही, माशीसुद्धा नाही. मैदानावर कानाशी यंत्र पीप करतं आणि मग हात हलवायचा असतो. घरी यंत्र कुठून आणायचं? मी कुकर लावते. पट्टा कमरेला, नमुना म्यानात, हात मोकळे. शिट्टी झाली की काढायचं, खिडकीतल्या कढीपत्त्यावर रोखायचं, परत ठेवायचं, आणि पुढच्या शिट्टीपर्यंत कोशिंबीर कापायची. शिट्टी कधी होईल ते सांगता येत नाही, म्हणून सराव चांगला होतो. आमच्या घरची डाळ कधी कच्ची राहिलेली नाही.

आता अरविंदचं सांगते, कारण सांगायचं आहे ते हेच.

गेल्या वर्षी तो निवृत्त झाला. पहिला महिना गाढ झोपला. दुसऱ्या महिन्यात उठला आणि स्वयंपाकघरात शिरला. माझ्या मसाल्याच्या बरण्यांना त्याने छापील लेबलं लावली. फ्रिजमधल्या भाज्यांची जागा ठरवून दिली. मी फोडणी करत असले की मागे उभा राहून म्हणायचा, "मोहरी आधी का? काही कारण आहे, की नुसती सवय?" मी पोळ्या लाटताना तो त्यांचा व्यास एकसारखा येत नसल्याचं निदर्शनाला आणून द्यायचा. माझे शनिवार नेमके तेव्हाच सुट्टीचे झाले होते. कित्येक वर्षं मी एकाच गोष्टीची वाट बघत होते, की शनिवारी घरात एकटी असेन, सोफ्यावर पाय वर घेऊन चहा पिईन आणि कुणीही मला काहीही विचारणार नाही. तेवढंच हवं होतं मला.

म्हणून त्याने पिस्तूल क्लबात नाव घातलं तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. गडी बदललाच. शनिवारी सकाळी स्वतःचा डबा भरून निघायचा, संध्याकाळी उन्हाने लाल होऊन यायचा. "अगं, आज ब्रूसने मला गवत कापायचं मशीन चालवू दिलं!" असल्या बातम्या आनंदाने सांगायचा. खूप दिवसांनी मी त्याला शीळ घालताना ऐकलं. क्लबचं पिस्तूल वापरून तो नेम शिकला. आता एकच पायरी उरली होती, होल्स्टरची परीक्षा. ती झाली की स्पर्धेत उतरता येतं. ती नाही झाली तर टेबलावरून पिस्तूल उचलून पुठ्ठ्याला मारत बसा. अरविंदचा स्वभाव मला माहीत आहे. शाळेत एकदा शर्यतीत चमचा-लिंबातलं लिंबू पडलं, तर त्याने आयुष्यभर लिंबू सरबत घेतलं नाही. नापास झाला तर तो क्लब सोडणार आणि माझ्या फोडणीकडे परत येणार, हे ठरलेलं होतं. तेव्हा ही परीक्षा त्याची कमी आणि माझी जास्त होती.

आता बायको होल्स्टरवाली. नवऱ्याने होल्स्टर कुणाकडून घ्यावं? तर पिकतं तिथे विकत नाही. त्याने इंटरनेटवरून मागवलं.

"मी रिव्ह्यूज वाचलेत," तो म्हणाला.

"मी चामडं वाचते," मी म्हटलं.

"तू बायस्ड आहेस. तुझं दुकान आहे ना."

माल तसा वाईट नव्हता, फक्त ताठ होता. मी रुळवून देते म्हटलं, तर साहेब म्हणाले, "मला कळतं." आमची मुलगी सई वेलिंग्टनला असते. तिला रात्री मी फोन करून हे सांगितलं. मी मराठीत बोलते, ती तिच्या भाषेत.

"मम, प्लीज. ही'ज सो हॅपी. लेट हिम डू हिज थिंग."

"अगं, पण तो चुकणार आहे."

"देन लेट हिम. अँड नो 'मी म्हटलं होतं', ओके? प्रॉमिस मी."

मी वचन दिलं. मुलीला दिलेलं वचन म्हणजे काय असतं ते तोंड दाबून बसल्यावर कळलं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. माझी आरी, अरविंदचा स्क्रू-ड्रायव्हर, जुना लॅपटॉप. यंदा शेजारी होल्स्टर ठेवलेलं दिसलं. हळदीकुंकवाची बोटं ओढलेली, वर झेंडूचं फूल. मी नमस्कार करायला वाकले आणि मला खोबरेल तेलाचा वास आला. म्यानाला बोट लावलं तर ते कालच्या घावनासारखं एका अंगावर कलंडलं.

"तेलात ठेवलं होतंस?" मी शक्य तितक्या प्रेमाने विचारलं.

"रात्रभर. कोमट तेलात," अरविंद अभिमानाने म्हणाला. "माझ्या कोल्हापुरी चपला अशाच मऊ केल्या होत्या. बघ, कसं लोण्यासारखं झालंय!"

चपलेचं बरोबर आहे हो. चपलेने पायाचं ऐकायचं असतं. होल्स्टरने ऐकायचं नसतं, धरून ठेवायचं असतं. त्या म्यानातून पिस्तूल नुसतं वाकल्यावर पडलं असतं, आणि मैदानावर पिस्तूल पडलं की त्याच पावली घरी पाठवतात. ही चूक इथला कुठलाही गोरा करणार नाही, कारण त्यांच्या पायांत जँडल्स, म्हणजे रबरी सपाता असतात. ही फक्त आपलीच मंडळी करू शकतात. माझ्या ओठांवर सगळं आलं होतं. मी झेंडूचं फूल सरळ केलं आणि पुऱ्या तळायला गेले.

परीक्षा त्याच आठवड्यात रविवारी होती. शुक्रवारी मी दुकानातून अगदी तसंच एक होल्स्टर घेतलं, त्याच रंगाचं, त्याच पिस्तुलाचं. बॅरी मागच्या खोलीतून बघत होता.

"घरी नेतेस?" त्याने विचारलं.

"अरविंदसाठी. त्याला कळता कामा नये."

बॅरीच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. हा माणूस हसतो तेव्हा फक्त कान हलतात. "स्वीट ॲज," म्हणजे झकास, एवढंच म्हणाला आणि आत गेला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

शनिवारी अरविंद क्लबात पुठ्ठ्याचे शत्रू रंगवायला गेला. होल्स्टर देव्हाऱ्याशेजारीच ठेवून गेला, म्हणाला, उद्यापर्यंत त्याला विश्रांती दे. दार लागल्याबरोबर मी पट्टा चढवला. नवं म्यान रात्रभर पिशवीत दाबून ठेवलं होतंच, आता काढ-घाल उरली होती, तीही एका दिवसात. म्हणजे शिट्ट्या हव्या होत्या. मी डाळ लावली. मग राजमा. मग छोले. मग बटाटे, बीट, शेंगा. घरात शिजण्यासारखं जे जे होतं ते शिजवलं. दुपारी तर कुकरात नुसतं पाणी घालून उभी होते. बाहेर नॉर्वेस्टर सुटला होता. आमच्याकडे हा गरम वारा सुटला की माणसं आधीच अर्धवट चिडलेली असतात, त्यात मी कमरेला पट्टा लावून वाफेत उभी. शिट्टी, काढ, रोख, ठेव.

शेजारची लिनेट कुंपणावरून बरंच बघत असावी. शेवटी मागच्या दारात आली. "यू राइट, लव्ह?" तिने विचारलं. मी घामाघूम, केस सुटलेले, हातात निळं पिस्तूल.

"नवऱ्यासाठी करतेय," मी म्हटलं.

तिने निळ्या पिस्तुलाकडे पाहिलं. "इतकं वाईट आहे का ते?" मग मी तिला आत बोलावून सगळं सांगितलं. तिने माझ्या हातून पट्टा घेतला, म्हणाली, तू बस. पुढचे दोन कुकर लिनेटने काढले. जाताना राजम्याचा मोठा डबा घेऊन गेली, आणि तिचा नवरा आता निवृत्तीचा विचार करतोय तर मी त्यालाही क्लबात घेईन का, असं विचारून गेली.

संध्याकाळपर्यंत म्यान असं तयार झालं की माझं मलाच कौतुक वाटलं. आत पिस्तूल टक करून बसत होतं, उलटं धरलं तरी हलत नव्हतं, आणि मागितलं की सहज येत होतं. मग मी हळदीकुंकवाची बोटं ओढली, अगदी तशीच. आणि आयुष्यभर ज्यासाठी लोकांना फैलावर घेतलं ते पाप केलं. वास यावा म्हणून बाहेरून खोबरेल तेलाचा एक हात फिरवला. जुनं होल्स्टर माझ्या साड्यांखाली गेलं, नवं देव्हाऱ्याशेजारी.

रविवारी मी म्हटलं, मीही येते. अरविंद जरा बिचकला. "कशाला? ऊन असतं." पण मी गाडीत जाऊन बसले. त्याने देव्हाऱ्याशेजारचं होल्स्टर बॅगेत टाकलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे माझा जीव शांत होता.

मैदानावर परीक्षा घ्यायला नोएलीन होती. निवृत्त मुख्याध्यापिका, पांढरे केस, कानांवर मोठी कर्णरक्षकं, आणि आवाज असा की वारासुद्धा रांगेत उभा राहावा. प्रेक्षकांनी पिवळ्या रेषेच्या मागे बाकावर बसायचं. अरविंदने बॅग माझ्याजवळ ठेवली, गाडीकडे गेला, डिकीत काहीतरी केलं आणि पट्टा बांधून परत आला. मी सहज कमरेकडे पाहिलं. होल्स्टर कोरं करकरीत. हळद नाही, कुंकू नाही, तेलाचा डाग नाही. मी बॅग उघडली. मी रुळवलेलं आत तसंच होतं.

तेव्हा मला बॅरीचे कान आठवले. नंतर उलगडलं ते असं: अरविंदला तेलाची चूक आपणच कळली होती. गुरुवारी माझी सुट्टी बघून तो दुकानात गेला होता, बॅरीकडून नवीन घेतलं होतं आणि "तिला सांगू नकोस" म्हणाला होता. माझ्या "मी म्हटलं होतं"ला तो इतका भ्यायला होता की लोळागोळा झालेलं म्यान निव्वळ देखावा म्हणून देव्हाऱ्याशेजारी ठेवून, नवीन डिकीत लपवलं होतं. लपवलेलं म्यान रुळवणार कधी? ते पुठ्ठ्यासारखं ताठ होतं. आणि मी इकडे देखाव्याची सेवा करत दिवसभर राजमा शिजवत होते!

रेषेपलीकडे जायची सोय नव्हती. ओरडायची तर अजिबातच नाही. नोएलीनने रिकामं पिस्तूल दोनदा तपासलं, त्याच्या म्यानात बसवायला सांगितलं. यंत्र पीप झालं. अरविंदने हात घातला आणि वर घेतला. पिस्तूल आलं नाही. पट्टा वर आला, पट्ट्याबरोबर पँटही निघायच्या बेतात आली. आता हा ओढणार, पडणार, घरी येणार आणि उद्या सकाळी मोहरीविषयी विचारणार.

अरविंद थांबला. हात सावकाश बाजूला केला, दुसरा हात वर केला आणि मोठ्यांदा ओरडला, "अडकलंय!" मग भानावर येऊन, "इट्स स्टक!"

नोएलीन पुढे गेली, दोघांनी मिळून पिस्तूल नीट मोकळं केलं. "ओढलं का नाहीस?" तिने विचारलं. आवाज बाकापर्यंत स्पष्ट येत होता.

"माझी बायको रोज फोनवर कुणालातरी सांगत असते," अरविंद म्हणाला. "ओढू नका, हात काढा, माणूस बोलवा. इतकी वर्षं ऐकतोय, डोक्यात बसलंय."

या माणसाने घरात माझं एक वाक्य कधी ऐकल्याचं मला आठवत नव्हतं. मला एकदम रडू आलं. काय करणार, आलं.

"चांगलं केलंस," नोएलीन म्हणाली. "पण पिस्तूल काढून परत ठेवणं मला दाखवावंच लागेल. दुसरं होल्स्टर आहे?"

अरविंदने माझ्याकडे पाहिलं. मी बॅगेतून हळदीकुंकू लावलेलं म्यान काढून रेषेपर्यंत नेलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. मान जोरजोरात हलवत तो खालच्या आवाजात म्हणाला, "ते नको, अगं! ते मेलंय. मी तेल घातलंय त्याच्यात. पडेल पिस्तूल."

"घे," मी म्हटलं.

"तू समजत नाहीयेस. मी चूक केलीये."

"अरविंद, घे म्हणते ना."

त्याच्या लेखी मी त्याला सरळ नापास व्हायला सांगत होते. तरी त्याने ते घेतलं आणि पट्ट्यात ओवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याने माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवलेला मी त्या दिवशी पाहिला. पिस्तूल टक करून बसलं. अरविंद चमकला. नोएलीनने म्यानाच्या तोंडाच्या कडेवर अंगठा दाबून पाहिलं, खाली वाकून वास घेतला आणि म्हणाली, "ह्याला सुट्टीवर गेल्यासारखा वास येतोय."

पीप झालं. काढलं, रोखलं, ठेवलं. पुन्हा. पुन्हा. नोएलीन त्याला वाकायला लावत होती, वळायला लावत होती, पिस्तूल हललं नाही. अरविंदच्या चेहऱ्यावर लहान मुलाचं हसू होतं, आणि मला ते बघवत नव्हतं इतकं छान वाटत होतं.

"पास," नोएलीनने सांगितलं. मग माझ्याकडे वळली. "किया ओरा," तिने इथल्या माओरी रिवाजाने नमस्कार केला. "हे तू रुळवलंस?"

मी मान डोलावली.

"आमच्याकडे हीप्स ऑफ नवीन माणसं येतात आणि सगळी ओढतात. मी सांगून थकले. तुझं त्याने कसं ऐकलं ते पाहिलंच. आम्हाला दर शनिवारी असं कुणीतरी हवंय. दिवसभर. येशील?"

दर शनिवारी. दिवसभर. एका रिकाम्या घरासाठी मी अख्खं फडताळ शिजवून बसले होते. लिनेटला पट्टा बांधला होता, खोबरेल तेलाचं पाप केलं होतं. सोफा मला अगदी डोळ्यांसमोर दिसत होता. नाही म्हणायला मी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात माझं लक्ष गेलं, तर अरविंद नोएलीनच्या मागून अधीरपणे माझ्याकडे बघत होता, आणि एका हाताने हळूच स्वतःची घसरलेली पँट सावरत होता.

"किती वाजता यायचं?" मी विचारलं.